रिळाच्या गाडीपासून बंद डबीपर्यंत

मकरसंक्रांतीच्या सुमारास सोलापुरात सिद्धेश्वरांची यात्रा भरते आणि होम मैदानावर गड्डा सुरू होतो. पाळण्यांच्या जोडीने तेथे खेळण्यांची दुकाने लागतात. खेळण्यांचा इतिहास बहुधा माती, लाकूड, पत्रा, प्लास्टिक असा सामग्रीच्या क्रमाने सांगितला जातो. वर्गात शिकवणाऱ्याच्या दृष्टीने आम्हाला दुसराच प्रश्न महत्त्वाचा वाटतो. खेळणे कसे चालते, हे मुलाला दिसते का?

मातीची खेळणी फार जुनी. सोलापूरहून जवळच असलेल्या तेर येथे सातवाहनकाळातील भाजक्या मातीच्या आणि केओलिन या पांढऱ्या मातीच्या मूर्ती सापडल्या आहेत. दोन साच्यांतून दोन बाजू काढून त्या जोडलेल्या, म्हणून आतून पोकळ. त्यांतली खेळण्यातली कोणती आणि पूजेतली कोणती हे ठरवणे अवघडच. बेंदूर-पोळ्याचा मातीचा बैल आजही सकाळी पूजेत आणि संध्याकाळी मुलांच्या हाती असतो!

1877 मध्ये सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी, म्हणजे आपली 'जुनी मिल', स्थापन झाली. शहर सुताचे झाले. खेळण्यांचा विचार करताना खेळायला वेळ कोणाला होता, हेही विचारले पाहिजे. 1881 च्या कारखाना कायद्याने सात वर्षांखालील मुलांना गिरणीत घेण्यास बंदी केली. सात ते बारा वर्षांच्या मुलांकडून मात्र दिवसाला नऊ तास काम घेता येत असे. हातमागाच्या घरी तर कांड्या भरायला लहान हात लागतच. तेव्हा 'पूर्वीचे बालपण किती छान' असे म्हणण्याआधी जरा थांबावे.

तरीही जो वेळ मिळे त्यात मुले जे हाती येई त्याचे खेळणे करीत. चिंचोके, सागरगोटे, काचेच्या बांगड्यांचे तुकडे आणि शिंप्याकडचे रिकामे लाकडी रीळ. या रिळाच्या गाडीविषयी थोडे सविस्तर सांगायला हवे. रिळाच्या भोकातून रबर ओवायचे. सायकलच्या जुन्या ट्यूबचे अरुंद कडे कापले की रबर तयार. एका टोकाला काडीचा छोटा तुकडा अडकवायचा. दुसऱ्या टोकाला मेणबत्तीची भोक पाडलेली चकती आणि तिच्याबाहेर लांब काडी. ही काडी फिरवून रबराला पीळ द्यायचा आणि गाडी जमिनीवर सोडायची. काडीचे टोक जमिनीला टेकल्याने ती फिरू शकत नाही, म्हणून उलगडणारे रबर रिळालाच फिरवते. पिळात साठलेली ऊर्जा गतीत येते. मेण घर्षण कमी करते. चढावर रीळ घसरू लागले, की मूल आपणहून त्याच्या कडांना खाचा पाडते. म्हणजे घर्षण कुठे नको आणि कुठे हवे, हे त्याला व्याख्येशिवाय कळलेले असते. पुढे लाकडी रिळे जाऊन प्लास्टिकची आली. गाडी त्यांचीही होते.

जत्रेतली पत्र्याची आगबोट विकतची, पण तिचेही पोट उघडे. या यंत्रणेचे पेटंट थॉमस पिओ यांनी 1891 मध्ये इंग्लंडमध्ये घेतले. लहानशा टाकीतील पाणी ज्योतीने तापते, वाफ नळ्यांतले पाणी मागे ढकलते. वाफ थंड होताच पाणी पुन्हा आत येते. मग बोट जागच्या जागी पुढेमागे का होत नाही? पाणी बाहेर पडते ते एका दिशेने, आत येते ते सर्व बाजूंनी. नववीच्या वर्गात हा प्रश्न अवश्य विचारून पाहावा.

प्लास्टिकने खेळणी स्वस्त केली, हे त्याचे मोठे काम. पत्र्याच्या धारेने बोटे कापणे थांबले. पण 2001 मध्ये आयातीवरील संख्यात्मक निर्बंध उठल्यानंतर परदेशी माल मोठ्या प्रमाणावर येऊ लागला आणि रंगातील शिसे, प्लास्टिक मऊ करणारी थॅलेट्स यांची चिंता वाढली. 1 जानेवारी 2021 पासून खेळण्यांवर भारतीय मानक चिन्ह सक्तीचे झाले. नोंदणीकृत हस्तकारागिरांना त्यातून सूट आहे.

पुण्यात टेल्कोत अभियंता असलेले अरविंद गुप्ता 1978 मध्ये होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले आणि सायकलच्या व्हॉल्व्हट्यूबने काड्यापेटीच्या काड्या जोडून भूमितीच्या आकृत्या करू लागले. रिळाच्या गाडीचे ते सख्खे भावंडच.

आजच्या सेलवरच्या मोटारीत बटनसेलचा कप्पा स्क्रूने बंद असतो. ते योग्यच, कारण गिळलेला बटनसेल काही तासांत अन्ननलिका जाळू शकतो. म्हणून बिघडलेली मोटार शिक्षकांनी स्वतः, सेल काढून, वर्गात उघडावी. दातेरी चाके दिसतील. छोटी विद्युतमोटर सोडवली तर चुंबक आणि तारेचे वेटोळेही दिसेल. पलीकडे हिरव्या पट्टीवर डांबरासारखा काळा थेंब असेल. चिप त्याच्या खाली आहे, आणि तो थेंब खरवडून मुलांना काहीही दिसणार नाही.