तलावाचा चिकण गाळ: हलक्या रानाला सोनं, भारी रानाला ओझं, टाकण्याआधी हे तपासा

फेब्रुवारी उलटला की तलावांचं पाणी मागे सरकू लागतं आणि काठाला काळ्या-करड्या मातीचे पट्टे उघडे पडतात. उजनी धरणात पाणी उतरल्यावर पळसदेवचं जुनं मंदिर वर येतं, तेव्हा आजूबाजूला अशीच गाळाची जमीन मोकळी होते. गावोगावच्या पाझर तलावांत आणि विदर्भातल्या मामा तलावांतही हेच चित्र असतं. मग जेसीबी येतो, ट्रॅक्टरच्या रांगा लागतात. गाळ फुकट मिळतो, पण वाहतुकीचा खर्च शेतकऱ्याच्या खिशातून जातो. चुकीच्या रानात चुकीचा गाळ पडला तर पैसा जातो आणि पीकही. म्हणून ही माती आधी ओळखलेली बरी.

ही माती तयार कशी होते?

पावसाचं पाणी शिवारातली माती घेऊन ओढ्याने तलावात येतं. तलावात शिरताच पाण्याचा वेग कमी होतो. जड दगड-गोटे आणि वाळू तोंडाशीच बसते. त्यापुढे बारीक पोयटा बसतो. सगळ्यात बारीक चिकण कण मात्र पाण्यात तरंगत पुढे जातात आणि भिंतीजवळच्या शांत, खोल पाण्यात हळूहळू खाली बसतात. म्हणून एकाच तलावात तीन प्रकारचा गाळ सापडतो: ओढ्याच्या तोंडाला वाळूमिश्रित, मध्ये पोयट्याचा आणि भिंतीकडे चिकण. पाणी ज्या ज्या पातळीला बरेच दिवस थांबतं, तिथे लाटांमुळे काठाला पायऱ्या पडतात. या पायऱ्यांवरही गाळाचे थर साचलेले दिसतात.

गुण काय, दोष काय?

चिकण मातीचा कण 0.002 मिलिमीटरपेक्षाही बारीक असतो. आपल्याकडची काळी माती बेसाल्ट म्हणजे काळ्या पाषाणापासून बनलेली आहे. तिच्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसते. उन्हाळ्यात जमिनीला भेगा पडतात त्या याच कारणाने.

गुण म्हणजे ही माती पाणी धरून ठेवते. पालाश आणि इतर अन्नद्रव्यं कणांना चिकटून राहतात, पावसात लगेच वाहून जात नाहीत. शिवारातून वाहून आलेला काडीकचरा कुजून तिच्यात मिसळलेला असतो. पण नत्र फारसं नसतं. त्यामुळे गाळ टाकला म्हणजे शेणखताची गरज संपली, असं समजू नये.

दोष म्हणजे पाणी मुरायला वेळ लागतो आणि वाफसा फार थोडे दिवस टिकतो. ओल्यात नांगर घातला तर मोठी ढेकळं निघतात, वाळल्यावर तीच दगडासारखी होतात. पाणी साचून राहिलं तर मुळांना हवा मिळत नाही, पीक पिवळं पडतं.

कुठल्या रानात टाकावा?

मुरमाड, बरड, उथळ, वाळूसर जमिनीत हा गाळ उपयोगी पडतो. अशा रानात दिलेलं पाणी चाळणीतून गेल्यासारखं निघून जातं. गाळामुळे ते थांबतं आणि पावसाचा खंड पडला तरी पीक काही दिवस जास्त तग धरतं.

भाताच्या बांधीची गोष्ट वेगळी आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली भागात बांधीत पाणी साचून राहावं हीच गरज असते. त्यामुळे तिथल्या हलक्या बांधीला तलावाचा चिकण गाळ मानवतो.

आधीच काळी, खोल, भारी असलेल्या जमिनीत मात्र चिकण गाळ टाकू नये. निचरा आणखी कमी होतो आणि रान चिबड होण्याचा धोका असतो. अशा जमिनीला माती हवीच असेल तर ओढ्याच्या तोंडाकडचा वाळूसर गाळ त्यातल्या त्यात बरा.

घरच्या घरी चार परीक्षा

1. *वळी करून पाहा.* ओली माती मळून पेन्सिलीपेक्षा बारीक वळी करा आणि तिची अंगठी वाकवा. भेग न पडता अंगठी झाली तर माती चिकण आहे. वळीच होत नसेल तर वाळू जास्त आहे.

2. *बाटली.* पारदर्शक बाटलीत एक तृतीयांश बारीक केलेली माती घ्या, गळ्यापर्यंत पाणी भरा, चमचाभर कपड्याचा सोडा टाका आणि जोरात हलवून ठेवा. वाळू मिनिटभरात तळाला बसते, पोयटा काही तासांत, चिकणमाती एक-दोन दिवसांनी. थर पट्टीने मोजले की प्रमाणाचा अंदाज येतो.

3. *चोपण आहे का?* वाळलेला छोटा खडा पावसाच्या किंवा शुद्ध पाण्यात अलगद सोडा, हलवू नका. खडा फुटला पण पाणी स्वच्छ राहिलं तर ठीक. खड्याभोवती दुधासारखा ढग पसरून तसाच राहिला तर मातीत सोडियम जास्त असण्याची शक्यता आहे. असा गाळ शेतात नको.

4. *चुनखडी.* मातीवर लिंबू पिळा किंवा व्हिनेगर टाका. जोरात फेस आला तर चुना जास्त. अशा गाळाने संत्रा, मोसंबी, द्राक्ष, भुईमूग, सोयाबीनवर लोहाच्या कमतरतेने पानं पिवळी पडू शकतात.

या परीक्षांनी फक्त अंदाज येतो. खात्रीसाठी गाळाचा आणि शेताचा, दोन्ही नमुने माती परीक्षण प्रयोगशाळेत द्यावेत. सामू 8.5 च्या वर किंवा क्षारता 1 डेसिसायमनच्या वर असेल तर तज्ज्ञांना विचारल्याशिवाय गाळ उचलू नये. गावाचं सांडपाणी किंवा कारखान्याचं पाणी ज्या तलावात जातं, तिथला गाळ तर टाळलेलाच बरा.

किती आणि कसा टाकायचा?

एक एकरावर एक इंच थर द्यायचा तर सुमारे 103 घनमीटर, म्हणजे 36 ब्रासच्या आसपास गाळ लागतो. चार इंचाला 145 ब्रास. हा हिशोब आधी केला की किती खेपा होतील आणि डिझेल किती लागेल ते कळतं.

गाळ एप्रिल-मे महिन्यात टाकून वाळू द्यावा. ढेकळं तापून फुटली की सारखा पसरावा आणि कुळव किंवा रोटाव्हेटरने खालच्या मातीत मिसळावा. वर गाळ आणि खाली मुरूम असे दोन थर वेगळे राहिले तर पाणी मधल्या सीमेवर अडतं. उताराच्या रानाला आधी बांध घाला, नाहीतर पहिल्याच पावसात गाळ पुन्हा तलावात जाईल. सोबत शेणखत द्या. गाळातून लव्हाळ्याच्या गाठी येतात, त्या वेचून काढा.

गाळपेर जमिनीचं काय?

पाणी हटल्यावर काठावरच पेरणी करतात, ती गाळपेर. ओलीवर हरभरा, ज्वारी, चाऱ्याचा मका, कलिंगड, काकडी चांगली येते. भेगा पडू लागल्या की कोळपणी करून त्या बुजवाव्यात, ओल टिकते. एक कोळपणी म्हणजे अर्धं पाणी, असं जुने शेतकरी म्हणतात ते यासाठीच. मात्र ही जमीन धरणाची असते. पेरायच्या आधी संबंधित विभागाची परवानगी घ्यावी लागते. पाणी पुन्हा याच मातीवर चढणार आहे आणि तेच लोक पिणार आहेत, म्हणून विषारी फवारण्या टाळाव्यात.

शेतीशिवाय उपयोग

मातीच्या धरणात मधला गाभा चिकण मातीचा आणि बाहेरचं कवच मुरमाचं असतं. गाभा पाणी अडवतो. शेततळ्याचा पाझर कमी करायलाही ही माती दाबून बसवतात. नुसत्या चिकण मातीची वीट वाळताना तडकते, म्हणून भट्टीवाले राख किंवा भुसा मिसळतात. घराचा पाया मात्र या मातीवर ठेवू नये. ती फुगते-आकसते आणि भिंतींना तडे जातात. पाया खाली मुरमापर्यंत न्यावा.

उपसताना तलाव फोडू नका

राज्यात 2017 पासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना आहे. 2023 च्या निर्णयानुसार अल्प व अत्यल्पभूधारक शेतकऱ्यांना गाळ पसरवण्यासाठी घनमीटरला 35 रुपये 75 पैसे, एकरी 15 हजारांच्या मर्यादेत आणि अडीच एकरांपर्यंत अनुदान ठरलं. अर्ज करण्याआधी सध्याचे नियम तहसील किंवा मृद व जलसंधारण कार्यालयात विचारून घ्यावेत. गाळाच्या नावाखाली वाळू काढायला बंदी आहे.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे गाळ संपला की थांबायचं. तळाचा मूळ चिकण थर खरवडून मुरूम उघडा केला तर तलाव गळू लागतो. पाझर तलावाची गोष्ट वेगळी, पण साठवण तलावात हे नुकसान मोठं असतं. भिंतीच्या पायथ्याशी तर खोदूच नये. मध्येच खोल खड्डे ठेवू नयेत. पावसाळ्यात ते पाण्याखाली दिसत नाहीत, पोरं आणि जनावरं त्यात बुडतात. उतार सारखा ठेवूनच मशीन बाहेर काढावं.

पहिल्या वर्षी सगळं रान भरण्यापेक्षा दहा गुंठ्यांत गाळ टाकून एक हंगाम पाहावा. पीक आणि पाणी दोन्ही जमलं, तर पुढच्या उन्हाळ्यात बाकीचं रान करता येतं.