'तुंबाड' भारी की 'झपाटलेला'? मित्रांच्या वादात कामाला येतील अशा खऱ्या गोष्टी

वसई रोडवरून दिव्याकडे जाणारी मेमू जूचंद्र सोडते आणि मग कामण रोड येतं. एका बाजूला तुंगारेश्वरचे डोंगर, दुसऱ्या बाजूला भिवंडीकडे जाणारा रस्ता आणि त्यावरचे ट्रक. या मार्गावर मेमूच्या फेऱ्या मोजक्याच आहेत. त्यामुळे वसईत पिक्चर बघून कामणला परतणाऱ्या पोरांना स्टेशनवर भरपूर वेळ मिळतो. आणि मित्रांच्या टोळीकडे वेळ असला की पिक्चरवरून भांडण होणारच.

भांडणाचे विषयही ठरलेले आहेत. एकाला भूतपट आवडतात, दुसऱ्याला एलियन आणि टाइम ट्रॅव्हल, तिसऱ्याला हाणामारी. पहिला म्हणतो भीतीच नाही वाटली, दुसरा म्हणतो लॉजिकच नाही, तिसरा म्हणतो लॉजिक शोधायचं होतं तर घरी गणिताचं पुस्तक घेऊन बसायचं. शेवटी कुणीतरी फोन काढतो, चुकीची माहिती वाचून दाखवतो आणि ग्रुपमधून एकजण लेफ्ट होतो.

तर अशा वादात हमखास निघणारे मुद्दे आणि त्यामागच्या खऱ्या गोष्टी काय आहेत, ते बघू.

तात्या विंचू कॉपी आहे का?

मराठी कट्ट्यावरचा हा सगळ्यात जुना वाद. 'झपाटलेला' आला १९९३ साली, दिग्दर्शक महेश कोठारे. त्याआधी १९८८ मध्ये हॉलिवूडचा 'चाइल्ड्स प्ले' येऊन गेला होता. त्यात एक खुनी मरता मरता मंत्र म्हणून स्वतःचा आत्मा बाहुल्यात घालतो, तो बाहुला म्हणजे चकी. तात्या विंचूही मरताना तेच करतो. बाहुल्यातून सुटका हवी असेल, तर ज्या माणसाला आपलं गुपित सगळ्यात आधी सांगितलं त्याच्याच शरीरात शिरायचं, ही अटसुद्धा दोन्हीकडे सारखी आहे. म्हणजे मूळ कल्पना तिकडचीच, यात वाद घालण्यासारखं काही नाही.

पण कॉपी म्हणून विषय संपवणारे एक गोष्ट विसरतात. चकी हे दुकानात मिळणारं खेळणं आहे आणि तो जातो एका लहान मुलाच्या हातात. तात्या विंचू हा बोलका बाहुला आहे आणि तो येतो लक्ष्याच्या हातात, म्हणजे एका मोठ्या माणसाच्या. बोलक्या बाहुल्यांची आपल्याकडे स्वतःची परंपरा आहे. य. के. पाध्ये यांनी 'अर्धवटराव' घडवला, त्यांचे चिरंजीव रामदास पाध्ये यांनी तो घराघरात नेला आणि पडद्यावरचा तात्या विंचूचा बाहुलाही रामदास पाध्येंचाच. मंत्र देणारा बाबा चमत्कार राघवेंद्र कडकोळांनी केला आणि माणसाच्या रूपातला तात्या दिलीप प्रभावळकरांनी. त्यामुळे सांगाडा परका असला, तरी 'चाइल्ड्स प्ले' न बघितलेल्या प्रेक्षकाला त्यात काही परकं वाटलं नाही.

हाच पिक्चर १९९५ मध्ये 'खिलौना बना खलनायक' या नावानं हिंदीत डब झाला आणि २०१३ मध्ये 'झपाटलेला २' थ्रीडीत आला. दुसऱ्या भागावर वाद होत नाहीत. तो पहिल्याइतका जमला नाही, यावर बहुतेक टोळ्यांचं एकमत असतं.

हस्तर खरंच पुराणात आहे का?

नाही. हे एकदा स्पष्ट सांगून टाकलेलं बरं, कारण 'तुंबाड'नंतर कितीतरी लोक ही पुराणातली कथा म्हणून सांगत फिरत होते. हस्तर हा पिक्चरसाठी रचलेला देव आहे. नावाशी मिळतंजुळतं 'हास्तुर' हे नाव मात्र पाश्चात्त्य भयकथांमध्ये फार आधीपासून आहे. अँब्रोज बिअर्सच्या एकोणिसाव्या शतकातल्या कथेत ते येतं आणि पुढे लव्हक्राफ्टच्या पंथातल्या लेखकांनी ते उचललं.

'तुंबाड'च्या मुळाशी असलेला माणूस मात्र अस्सल मराठी आहे. दिग्दर्शक राही अनिल बर्वे म्हणजे लेखक अनिल बर्वे यांचे चिरंजीव. जंगलातल्या एका मुक्कामात मित्रानं त्यांना नारायण धारपांची एक भयकथा सांगितली आणि ती डोक्यात घर करून बसली. आता यातली गंमत अशी, की धारपांची ती 'आजी' कथाच मुळात स्टीफन किंगच्या 'ग्रॅमा' या कथेवरून घेतलेली. म्हणजे अमेरिकेतली म्हातारी धारपांनी मराठी घरात आणली, आणि एका मित्रानं दुसऱ्या मित्राला सांगितलेल्या गोष्टीतून ती थेट कोकणातल्या वाड्यात पोचली. पिक्चरचं नाव आलं श्री. ना. पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत' या कादंबरीवरून, पण कादंबरीच्या कथेचा पिक्चरशी काही संबंध नाही. तुंबाड हे गाव मात्र खरं आहे, रत्नागिरी जिल्ह्यातल्या खेड तालुक्यात.

'झपाटलेला'ला कॉपी म्हणणारा मित्र 'तुंबाड'ला ओरिजिनल म्हणत असेल, तर त्याला ही साखळी ऐकवायला हरकत नाही.

'तुंबाड' व्हेनिसच्या महोत्सवात क्रिटिक्स वीकची सुरुवात करणारा पिक्चर ठरला. १२ ऑक्टोबर २०१८ ला तो थिएटरात लागला आणि फार गाजावाजा न होता उतरला. मग पाच-सहा वर्षं लोक एकमेकांना सांगत राहिले. कुणी मोबाईलवर बघितला, कुणी दुसऱ्याला जबरदस्तीनं दाखवला. १३ सप्टेंबर २०२४ ला तो पुन्हा थिएटरात लागला आणि पहिल्या फेरीपेक्षा जास्त कमावून गेला. कट्ट्यावरच्या बडबडीला बाजारात काही किंमत आहे का, असं कुणी विचारलं तर हे उदाहरण पुरेसं आहे.

भूतच नाही, मग हॉरर कसला?

विशाल फुरियांचा 'लपाछपी' १४ जुलै २०१७ ला आला. पूजा सावंत यात गरोदर बाईच्या भूमिकेत आहे. आजूबाजूला उंच ऊस, त्यात एकटं घर, आणि खेळणाऱ्या मुलांचे आवाज. पिक्चरचा विषय आहे स्त्रीभ्रूणहत्या. याच दिग्दर्शकानं २०२१ मध्ये नुश्रत भरुचाला घेऊन तो 'छोरी' नावानं हिंदीत केला आणि २०२५ मध्ये त्याचा दुसरा भागही आला.

इथं टोळीत दोन तट पडतात. एक म्हणतो, हा सामाजिक पिक्चर आहे, हॉररचं नुसतं कव्हर घातलंय. दुसरा म्हणतो, यात भुतापेक्षा जिवंत माणसांची जास्त भीती वाटते, म्हणून तर तो खरा हॉरर. दुसऱ्याचं पारडं जड आहे. कारण हॉररची ओळख भूत आहे की नाही यावरून ठरत नाही, प्रेक्षकाच्या मनात काय होतं यावरून ठरते.

त्यातही दचकणं वेगळं आणि घाबरणं वेगळं. दचकवायला एक मोठा आवाज पुरतो. १९४२ च्या 'कॅट पीपल' या पिक्चरमध्ये रात्री एक बाई एकटी चालतेय, मागे कुणीतरी आहे असं वाटतंय आणि अचानक कानठळ्या बसवणारा फिसकारा येतो. तो असतो बसचा. ही युक्ती इतकी गाजली, की निर्माता व्हॅल ल्यूटनच्या नावावरून तिला 'ल्यूटन बस' म्हणायला लागले. भीतीचं गणित हिचकॉकनं सांगून ठेवलंय. टेबलाखाली बॉम्ब आहे हे प्रेक्षकाला माहीत नसेल आणि तो फुटला, तर काही सेकंदांचा धक्का बसतो. माहीत असेल, आणि टेबलाभोवती माणसं निवांत गप्पा मारत असतील, तर पंधरा मिनिटं जीव टांगणीला लागतो. 'भीतीच नाही वाटली' म्हणणाऱ्या मित्राला यातलं नेमकं काय कमी पडलं, हे विचारून बघा.

हिंदीत या धंद्याची पायाभरणी रामसे बंधूंनी केली आणि त्याची सुरुवातही प्रेक्षकांच्या बोलण्यातूनच झाली. १९७० चा त्यांचा 'एक नन्ही मुन्नी लडकी थी' पडला. पण त्यात भयानक मुखवटा घालून चोरी करणाऱ्या पृथ्वीराज कपूरांचा एक प्रसंग होता आणि लोक फक्त तेवढ्यासाठी येतायत असं भावांच्या लक्षात आलं. मग १९७२ मध्ये 'दो गज जमीन के नीचे' आला. शूटिंग महाबळेश्वरला, आणि लेखन, कॅमेरा, आवाज, संकलन, दिग्दर्शन ही सगळी कामं घरच्याच भावांकडे.

सायन्स फिक्शनला लॉजिक पाहिजेच का?

पाहिजे, पण आपल्या जगाचं नाही, त्या पिक्चरच्या जगाचं. नियम साधा आहे. एक अशक्य गोष्ट मान्य करायची आणि त्यानंतर मात्र फसवायचं नाही. 'मिस्टर इंडिया'मध्ये घड्याळ घातलं की माणूस गायब होतो हे एकदा मान्य, पण लाल प्रकाशात तो दिसणार हा नियमही शेवटपर्यंत पाळावा लागतो. म्हणून १९८७ चा तो पिक्चर गाणी, विनोद आणि मारामारी असूनही सायन्स फिक्शनच्या खात्यात जाऊ शकतो. 'इंटरस्टेलर'मधल्या एका ग्रहावरचा एक तास म्हणजे पृथ्वीवरची सात वर्षं, हे ऐकून हसणाऱ्यांनी लक्षात ठेवावं, की त्यामागचं गणित किप थॉर्न या भौतिकशास्त्रज्ञानं तपासलेलं होतं आणि २०१७ चं नोबेल मिळवणाऱ्यांमध्ये ते होते.

मराठीत या प्रकारचे पिक्चर बोटांवर मोजण्याइतके. सुजय डहाकेंचा २०१६ चा 'फुंतरू' हा त्यातला धाडसी प्रयत्न. इंजिनिअरिंगचं कॉलेज, होलोग्राम आणि प्रेमकथा. कागदावर मात्र मराठी विज्ञानकथा कधीच गरीब नव्हती. जयंत नारळीकरांनी मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत 'कृष्णविवर' ही कथा नारायण विनायक जगताप या टोपणनावानं पाठवली होती. नावाकडे बघून परीक्षकांनी बक्षीस देऊ नये म्हणून स्वतःचीच आद्याक्षरं उलटी केली. कथेला पहिलं बक्षीस मिळालं. नाव झाकून मत मागण्याचा हा प्रयोग पिक्चरच्या वादात करता आला, तर निम्मी फॅन मंडळी गप्प होतील.

आणि हाणामारी?

अ‍ॅक्शनवर बोलताना लोक हिरोबद्दल बोलतात, ज्यांची हाडं मोडतात त्यांच्याबद्दल नाही. 'शोले'तला रेल्वेवरचा हल्ला पनवेल-उरण मार्गावर चित्रित झाला आणि त्यासाठी परदेशातून स्टंटची माणसं बोलावली होती. 'जॉन विक'चा दिग्दर्शक चाड स्टाहेल्स्की आधी 'मॅट्रिक्स'मध्ये कियानू रीव्हजचा स्टंट डबल होता. त्याच्या पिक्चरमध्ये कोण कुठे उभा आहे, कुणाला कुठे लागलं, हे नीट दिसतं. अ‍ॅक्शन चांगली की वाईट हे ओळखायला एवढी एक कसोटी बऱ्याचदा पुरते. कॅमेरा सारखा हलत असेल आणि दर सेकंदाला कट असेल, तर काहीतरी लपवलं जातंय असं समजायला जागा आहे. ऑस्करला या लोकांची आठवण यायला जवळपास शतक लागलं. स्टंट डिझाइनचा पुरस्कार २०२७ मध्ये येणाऱ्या पिक्चरसाठी, म्हणजे २०२८ च्या शंभराव्या सोहळ्यात पहिल्यांदा दिला जाणार आहे.

रिव्ह्यू टाकताना कुठे फसू शकता?

कट्ट्यावरचं मत आता रील होऊन बाहेर पडतं, आणि इथं थोडं सावध राहायला हवं. पिक्चर वाईट आहे असं म्हणण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये समीक्षेसाठी मूळ कलाकृतीचा वाजवी वापर करायला मुभा आहे. डिसेंबर २०२४ मध्ये तमिळ निर्मात्यांची संघटना मद्रास उच्च न्यायालयात गेली होती, की पहिले तीन दिवस ऑनलाइन रिव्ह्यूच बंद करा. न्यायालयानं तसा आदेश द्यायला नकार दिला.

पण ही मुभा थिएटरात फोन वर करून क्लायमॅक्स शूट करण्याला लागू होत नाही. २०२३ मध्ये सिनेमॅटोग्राफ कायदा बदलला. परवानगीशिवाय पिक्चर रेकॉर्ड करणं किंवा तो पसरवणं यासाठी तीन महिने ते तीन वर्षं कैद आणि कमीत कमी तीन लाख रुपये दंड आहे. दंडाची वरची मर्यादा पिक्चरच्या एकूण निर्मिती खर्चाच्या पाच टक्क्यांपर्यंत जाते. 'फक्त स्टेटसला टाकलं होतं' हा बचाव करण्याची वेळ कुणावर न आलेली बरी.

याच बदलानंतर यूए प्रमाणपत्राचे ७+, १३+ आणि १६+ असे तीन भाग झाले. धाकट्या भावाला भूतपटाला नेण्याआधी पोस्टरवरचा तो आकडा बघून घ्यावा. पालक सोबत असतील तर अडवणूक नाही, पण रात्री त्याच्याबरोबर दिवा लावून झोपायची वेळ नेणाऱ्यावरच येते.

मित्रांनी पिक्चर बघून त्यावर तावातावानं बोलायचं, हे काही रील्सनी आणलेलं खूळ नाही. सत्यजित राय आणि त्यांच्या मित्रांनी १९४७ मध्ये कलकत्ता फिल्म सोसायटी काढली ती यासाठीच. मुंबईत १९६८ पासून प्रभात चित्र मंडळ हेच करत आलं आहे. पिक्चर दाखवायचा, मग त्यावर बोलायचं. फरक एवढाच, की तिथं शेवटच्या मेमूची घाई नसते.

आता पुढच्या वादाची सोय झालेलीच आहे. निर्माता आणि अभिनेता सोहम शाहनं 'तुंबाड २' जाहीर केला आहे आणि आपण त्यात नसल्याचं राही बर्वेंनी स्वतःच सांगून टाकलं आहे. दिग्दर्शक बदलला की तो 'तुंबाड' राहतो का, यावर कामण रोडच्या फलाटावर दोन तट आत्तापासून पडायला हरकत नाही.