उष्ट्यावर घडलेलं पोट

या सफरीत तुम्ही माणूस नाही. चार पाय, तिखट नाक आणि सदैव भुकेलं पोट घेऊन तुम्ही निघाला आहात.

सुमारे १४,००० वर्षांपूर्वी. ऱ्हाइनकाठी, आजच्या बॉनजवळ. तुम्ही आजारी पिल्लू आहात; शिकारी लोक तुम्हाला सांभाळतात. पुढ्यात मांस, हाडं, मगज. धान्य कुणी पेरलेलंच नाही. तुम्ही जगत नाही. एका बाईच्या आणि पुरुषाच्या सोबतीला तुम्हालाही पुरतात. तिघांची हाडं १९१४ साली सापडतील.

सुमारे ९,५०० वर्षांपूर्वी. सैबेरियाच्या उत्तरेचं झोखोव बेट. आता तुम्ही घसरगाडी ओढता. संध्याकाळी रेनडिअरचा किंवा पांढऱ्या अस्वलाचा चरबीदार तुकडा मिळतो. एवढी चरबी सोसणाऱ्यांचाच वंश इथे टिकतो.

सुमारे ७,००० वर्षांपूर्वी. आग्नेय युरोपातलं शेतकऱ्यांचं गाव. मांस क्वचित, खरकट्यात गहू-जवाची पेज. तुमचं भावंड ती पितं, पण अंगी लागत नाही. तुमच्या अंगी लागते. लांडग्याकडे पिष्ट पचवणाऱ्या एएमवाय२बी जनुकाच्या दोनच प्रती असतात; तुमच्याकडे जास्त आहेत, म्हणून स्वादुपिंडातून अमायलेज भरपूर पाझरतं. तुमची पिल्लं जगतात, त्यांचीही जगतात. पुढे बहुतेक कुत्र्यांत या प्रती ४ ते ३० भरतील. शेतीपासून दूर राहिलेल्या डिंगोकडे मात्र दोनच उरतील.

आज. साताऱ्याकडची एखादी वस्ती, जेवणं उरकलेली. तुमच्यापुढे रश्श्यात कुस्करलेली भाकरी येते. भाकरी पचेल, ती तयारी हजारो वर्षांची आहे. रश्श्यातला कांदा शिजलेला असला तरी तुमच्या तांबड्या रक्तपेशी फोडतो. घरातल्या पोराने प्रेमाने दिलेल्या चॉकलेटमधलं थिओब्रोमीन शरीराबाहेर पडायला फार वेळ लागतो. तोवर हृदयाचे ठोके बिघडतात. बेदाणे मूत्रपिंडांवर उठू शकतात. यांच्याशी तुमच्या वंशाने जुळवून घेतलेलं नाही.

आता परत माणूस व्हा. ‘कुत्रा म्हणजे लांडगाच, त्याला कच्चं मांसच हवं’ म्हणणाऱ्याला त्या पेजेची आठवण करून द्या. ‘आमचा मोत्या सगळं खातो’ म्हणणाऱ्याला कांद्याची. मोत्याला भाकरी, शिजवलेला भात, अंडं, मांस खुशाल द्या. रस्सा ओतण्याआधी त्याचं ताट वेगळं काढा.