मृतांचें घर : मोदेना येथील दफनभूमीची हकीकत

धर्मग्रामाच्या महोत्सवप्रसंगीं आपण देवळाची, शाळेची व घंटेची कथा मोठ्या आनंदानें सांगतों. परंतु ज्यांनीं त्या देवळासाठीं दगड वाहिले, ते बहुतेक सर्व आज दफनभूमींत विसावले आहेत. म्हणून या अंकांत एका दफनभूमीचीच हकीकत वाचकांपुढें ठेवण्याचें योजिलें आहे. ती दूर इटलींतील असली, तरी तिच्यांतील प्रश्न आपल्या दारचा आहे. जिवंतांच्या नगरांत मृतांचें स्थान कोणतें? आणि ज्या मृताला मागें कोणीच उरलें नाहीं, त्याचें स्थान कोणतें?

मोदेना हें उत्तर इटलींतील पुरातन शहर. तेथील कॅथीड्रलचें काम १०९९ सालीं लान्फ्रांको नामक स्थापत्यकाराच्या हातून सुरू झालें, तें नगराचे आश्रयदाते संत जेमिनियानो यांच्या कबरीवर. म्हणजे त्या नगराचें हृदय एका थडग्याभोंवतीं घडलें. पुढें अनेक शतकें ख्रिस्ती लोक आपल्या मृतांस देवळांत किंवा देवळाच्या आवारांतच पुरीत असत. नेपोलियनच्या १८०४ च्या हुकुमानें दफनभूमि वस्तीबाहेर न्यावी असें ठरलें, व लवकरच तो नियम त्याच्या अंमलाखालील इटलींतहि लागू झाला. आरोग्याच्या दृष्टीनें त्यांत तथ्य होतें. परंतु त्यायोगें मृत आणि जिवंत यांच्यामध्यें अंतर पडलें. मोदेनाच्या वेशीबाहेर सान काताल्दो येथें चेझारे कोस्ता यानें १८५८ ते १८७६ या काळांत नवी भव्य दफनभूमि बांधिली. तिच्या शेजारींच यहुदी लोकांची दफनभूमि आहे.

शंभर वर्षांनीं ही जागा अपुरी पडूं लागली, तेव्हां १९७१ सालीं विस्तारासाठीं नकाशांची स्पर्धा जाहीर झाली. तींत आल्दो रोसी व त्याचा सहकारी ज्यान्नी ब्रागिएरी यांच्या योजनेस यश आलें. रोसी हा १९३१ सालीं मिलान येथें जन्मला. शहर म्हणजे नुसत्या सोयींचा संच नव्हे, तर तेथील लोकांची सामुदायिक स्मृति होय, असें त्यानें १९६६ सालच्या आपल्या ग्रंथांत प्रतिपादिलें होतें. गतकाळाकडे पाठ फिरविणाऱ्या यंत्रयुगीन बांधकामानंतर ज्यांनीं जुन्या, ओळखीच्या आकारांस पुन्हा मान दिला, त्या आधुनिकोत्तर म्हणविल्या जाणाऱ्या स्थापत्यकारांत त्याची गणना होते. १९९० सालीं त्यास प्रिट्झ्कर हें मानाचें पारितोषिक मिळालें.

स्पर्धेच्याच वर्षीं, एप्रिल महिन्यांत, इस्तंबूलच्या वाटेवर युगोस्लाव्हियांत मोटारीचा अपघात होऊन रोसी जबर जखमी झाला. स्लाव्होन्स्की ब्रोद येथील लहानशा रुग्णालयांत पडून असतां, आपलें शरीर म्हणजे मोडलेला व पुन्हा सांधावयाचा हाडांचा सांगाडा आहे, असें त्यास वाटूं लागलें. या दफनभूमीची कल्पना बहुधा तेथेंच जन्मली, असें त्यानें पुढें आत्मवृत्तांत लिहून ठेविलें आहे.

योजनेचें नांव त्यानें ‘आकाशाचा नीलवर्ण’ असें ठेविलें. नकाशाच्या कडेनें लांबच लांब इमारती. त्यांच्या भिंतींत शवपेट्यांसाठीं कोनाडे, आणि वर निळीं छपरें. मधोमध बरगड्यांसारख्या इमारतींच्या रांगा. त्या रांगांच्या एका अंगास तांबूस रंगाचें, सर्व बाजूंनीं सारखें चौकोनी घर, आणि दुसऱ्या अंगास कारखान्याच्या धुराड्यासारखा एक उंच शंकु. त्या चौकोनी घरास छप्पर नाहीं, मजले नाहींत; खिडक्या आहेत, पण त्यांस ना चौकट ना कांच. हें अस्थींचें घर होय. कांहीं वर्षें लोटल्यावर मृताचीं उरलेलीं हाडें लहान पेटींत ठेवण्याची तिकडे चाल आहे. मुंबईसारख्या ठिकाणीं जागेच्या टंचाईमुळें आपल्याकडेहि तसें करावें लागतें. तेव्हां ही गोष्ट आपणांस परकी वाटूं नये.

शंकूचा उद्देश मात्र लक्षांत ठेवण्याजोगा आहे. त्याच्याखालीं एक सामाईक कबर व्हावयाची होती. वेड्यांच्या इस्पितळांत, दवाखान्यांत किंवा तुरुंगांत ज्यांचा अंत झाला, ज्यांचें नांव घेणारें कोणी उरलें नाहीं, अशांच्या अस्थि तेथें ठेवावयाच्या. आणि अशा पिडलेल्यांसाठीं नगरानें इतर सर्वांहून उंच स्मारक उभारावें, असा रोसीचा संकल्प होता. धनिकाचें थडगें उंच व गरिबाचें मातीशीं सपाट, ही जगाची रीत त्यानें उलटी करूं पाहिली.

बांधकाम १९७८ सालीं सुरू झालें. तांबूस घर उभें राहिलें, लांब इमारतींपैकीं कांहीं झाल्या. परंतु बरगड्या झाल्या नाहींत आणि शंकुहि झाला नाहीं. १९९७ सालीं रोसी मोटारीच्या अपघातांतच मरण पावला.

पुष्कळांस तें उघडें घर भकास वाटतें. येथें आशेचें चिन्ह कोठें आहे, असें ते विचारतात. हा आक्षेप अगदींच खोटा नाहीं. परंतु ज्या घरास छप्पर नाहीं, त्याच्या आंत उभ्या राहणाऱ्यास वर आकाश दिसतें, आणि पुनरुत्थानाची वाट पाहणाऱ्यास तेवढें पुरे व्हावें. आमच्या मतें खरी उणीव छपराची नसून शंकूची आहे. ज्यांस कोणी नव्हतें, त्यांचेंच स्मारक कागदावर राहून गेलें!

ख्रिस्तसभेनें १९६३ सालीं दहनास मोकळीक दिली. पण रक्षा उधळूं नये, सामान्यतः घरींहि ठेवूं नये, तर पवित्र स्थळीं ठेवावी, असें २०१६ सालीं बजाविलें. मृत मनुष्य समाजाच्या स्मरणास व प्रार्थनेस अंतरूं नये, हें त्याचें एक कारण. तो एकट्या कुटुंबाचा नव्हे, सर्व मंडळीचा आहे.

वाचकहो, दोन नोव्हेंबरला आपण आपल्या आप्तांच्या थडग्यांवर फुलें वाहतों व मेणबत्त्या लावितों. यंदां एक मेणबत्ती अधिक घेऊन जावें, आणि जेथें क्रूस मोडला आहे, नांव पुसलें आहे, अशा कबरीवर ती लावावी. मोदेनाच्या नगरास जें स्मारक बांधवलें नाहीं, तें इतक्या थोड्या खर्चांत आपणांस उभारतां येईल.