लुगड्याला दोन वर्षं

येरमाळ्याच्या चैत्री यात्रेत लुगडं नेसलेला, कवड्यांची माळ घातलेला पुरुष आराधी दिसला की माझी आजी त्याच्या परडीत पीठ-मीठ घालायची, पाया पडायची. भावकीतला बायकी चालीचा पोरगा मात्र तिला खपायचा नाही. “लगीन लावा, सुधरंल,” एवढंच तिचं औषध.

सरकारचं औषध जास्त कडू होतं. इंग्रजी मुलखात 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने हिजड्यांच्या नोंदवह्या उघडल्या. आमचा जिल्हा तेव्हा निजामाचा. ज्याच्या नावावरून उस्मानाबाद, त्याच मीर उस्मान अली खानाच्या अमदानीत, 1329 फसलीत, म्हणजे 1919 च्या सुमारास, हैदराबादेतही तसाच कायदा झाला. नोंदलेला हिजडा बायकी कपड्यांत, दागिन्यांत रस्त्यावर दिसला किंवा कुठे नाचला-गायला, तर वॉरंटाशिवाय अटक आणि दोन वर्षांपर्यंत कैद. चोरी नाही, मारामारी नाही, लुगडं पुरे! देवीच्या दारात ज्याला हात जोडायचे, वेशीबाहेर त्यालाच बेड्या.

मिशी राखून, बायकापोरांत राहून दुसऱ्या पुरुषावर जीव लावणारा मात्र या वहीत बसत नव्हता. त्याच्यासाठी इंग्रजांच्या दंडसंहितेत 377 कलम होतं, पण गावाच्या हिशेबी असा माणूसच नव्हता. पुरुषपण पेहरावात मोजायचं म्हटलं की असंच होणार. सुप्रीम कोर्टाने 2018 मध्ये संमतीचे संबंध त्या कलमातून सोडवले. निजामाचा कायदा तेलंगणात त्यानंतरही पुस्तकात राहिला. 2023 च्या जुलैत तिथल्या हायकोर्टाने तो घटनाबाह्य ठरवला. उस्मानाबादचं धाराशिव झालं तेही त्याच वर्षी.