काळ्या रानातले चाक

पिकअपला कोणते टायर घालावे, असे विचारले की आमच्या बुलढाणा जिल्ह्यातला जाणता टायरवाला आधी उलट प्रश्न करतो: गाडी घाटावर चालणार की घाटाखाली? बाहेरच्या माणसाला हा प्रश्न चमत्कारिक वाटेल. पण अजिंठ्याच्या डोंगररांगेने या जिल्ह्याचे दोन भाग पाडले आहेत. चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा घाटावर. मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव घाटाखाली. वर अनेक ठिकाणी हातभर मातीखाली मुरूम लागतो. खाली पूर्णेच्या खोऱ्यात पुरुषभर खोल काळी माती, आणि जळगाव जामोद, संग्रामपूरच्या बाजूला तर खारपाणपट्टा. बोथा किंवा राजूर घाट उतरला की तासाभरात चाकाखालची भूमीच बदलते. या दोन भूमींना एक चाक मानवत नाही, आणि हे भांडण मोटारीच्या फार आधीपासून चालू आहे. ते कागदपत्रांत आणि सुतार-लोहारांच्या बोलण्यात शोधताना मला जे हाती लागले, ते इथे मांडतो.

आधी मातीविषयी. आपली काळी माती दख्खनच्या बेसाल्टपासून झालेली. तिच्यातला चिकणमातीचा अंश पाणी पितो आणि फुगतो. उन्हाळ्यात तीच माती आकसून हात जाईल एवढ्या भेगा पडतात. ओली झाली की ती चाकाला नुसती लागत नाही, थरावर थर चढवत जाते. चपलेचा बूट कसा होतो हे ज्याने पावसाळ्यात शेत ओलांडले आहे त्याला सांगायला नको.

या मातीवर जुन्या वऱ्हाडाने काढलेला तोडगा सरळ होता: चाकच नको. रेल्वे येण्यापूर्वी वऱ्हाडचा कापूस बंजाऱ्यांच्या बैलांच्या पाठीवरून थेट गंगेकाठच्या मिर्झापूरपर्यंत जाई. लादलेल्या बैलाला रस्ता लागत नाही, पायवाट पुरते. तांडे कोरड्या दिवसांत चालत आणि पावसाळ्यात थांबत. वाहतूक ऋतूच्या हिशेबाने होती, घाई नव्हती.

घाई आणली मँचेस्टरने. १८५३ साली निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आले, १८६१ ते ६५ या काळात अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे तिथला कापूस अडला आणि खामगावच्या बाजाराला सोन्याचे दिवस आले. १८६७ पर्यंत जीआयपी रेल्वे नागपूरला पोचली. मुख्य लोहमार्ग मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव असा गेला. खामगाव सात-आठ मैल बाजूला राहिले. मग जलंब-खामगाव फाटा टाकला गेला आणि १८७० साली खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो त्याच्या उद्घाटनाला खामगावी आला. एवढ्याशा फाट्यासाठी व्हाइसरॉय का यावा? आठ मैलांची काळी माती ओलांडणे हा त्या काळी लंडनपर्यंत पोचणारा प्रश्न होता, हे त्याचे उत्तर. मातीवर चाक चालत नाही म्हणून सरकारने मातीवर लोखंड अंथरले. पण ते स्थानकापर्यंतच. शेतापासून स्थानकापर्यंतचा कापूस बंडीने आणायचा होता, आणि ती वाट शेतकऱ्याची त्याने पाहावी अशीच राहिली.

बंडीचे लाकडी चाक ही साधी वस्तू नव्हे. मधला तुंबा, त्यात ठोकलेले आरे, बाहेर परिघाचे तुकडे, आणि या सगळ्यांना आवळून धरणारी लोखंडी धाव. धाव चाकापेक्षा किंचित लहान ठेवतात, गोवऱ्यांच्या कडेभोवती आगीत लाल करतात, फुगली की चाकावर बसवून वर पाणी ओततात. निवताना ती आकसते आणि सांधे असे आवळते की खिळ्याची गरज उरत नाही. सुताराने बाभूळ निवडायची, लोहाराने धाव मोजायची, आणि दोघांचाही मेहनताना बहुधा खळ्यावर धान्याने. चाकाचा पैसा गावाबाहेर जात नव्हता.

ही धाव दोन-अडीच इंच रुंद. चाक मात्र छातीला लागेल एवढे उंच. घाटावर याचा फायदा असा, की अरुंद धाव वरचा चिखल कापून खालच्या मुरमाला टेकते. वर्षानुवर्षे त्याच रेषेत गाड्या गेल्या की चाकोरी तयार होते, आणि एकदा चाकोरी झाली की त्या मुलखातल्या सगळ्या बंड्यांच्या दोन चाकांमधले अंतर तेवढेच ठेवावे लागते. नाहीतर एक चाक चाकोरीत आणि दुसरे उंचवट्यावर. ‘चाकोरीबद्ध’ हा शब्द आपण माणसांना लावतो. तो मुळात सुताराच्या मापाचा आहे. घाटाखाली मात्र कापत जाऊन टेकायला तळच नाही. तिथे तीच धाव आसापर्यंत रुतते, आणि गाडीवान पराणीने आऱ्यांमधला चिखल उकरत बसतो.

पक्क्या सडका झाल्यावर याच धावेविरुद्ध दुसरी तक्रार सुरू झाली. अरुंद लोखंड खडीचा रस्ता फोडते, असे इंजिनिअर म्हणू लागले. १९२७ साली मुकुंदराव जयकरांच्या अध्यक्षतेखाली रस्तेविकास समिती नेमली गेली, १९३४ साली इंडियन रोड्स काँग्रेस स्थापन झाली, आणि बैलगाडीची धाव हा सडकांच्या चर्चेतला नेहमीचा आरोपी ठरला. मला यात गंमत वाटते ती ही, की शेताच्या वाटेवर गाडी रुतते याची दखल कोणी घेतली नव्हती. गाडीने सडक खराब केली तेव्हा मात्र चाक सुधारायचे ठरले.

सुधारलेले चाक हवेचे होते. जॉन बॉइड डनलॉपने १८८८ साली बेलफास्टला मुलाच्या तीनचाकीसाठी केलेली ही युक्ती. १९३६ साली बंगालमध्ये हुगळीकाठी साहागंजला डनलॉपचा कारखाना निघाला, आणि बैलगाडीची हवेची टायरे हा त्या कंपनीच्या व्यापाराचा एक भाग झाला. ‘डनलॉप’ हे गाडीचेच नाव होऊन बसले. चाक बुटके, पण रुंद, आत बेअरिंग. बैलाला ओढ कमी, माल जास्त. घाटाखालच्या मातीत ते धावेपेक्षा कमी रुतते, कारण वजन पसरते. हा फायदा खरा आहे आणि तो नाकारण्यात अर्थ नाही. पण वर्ध्याच्या मगनवाडीतल्या ग्रामोद्योगी हिशेबाने पाहिले, तर सुतार आणि लोहार दोघेही यातून बाहेर पडले. बाभळीचा काटा घुसला की पंक्चरवाला गाठायचा, म्हणजे रोख पैसा काढायचा.

या टायरवर नक्षी जवळपास नव्हतीच, आणि लागतही नव्हती. बंडीचे चाक ओढले जाते, स्वतः ओढत नाही. जमीन धरून जोर लावण्याचे काम बैलाच्या खुराचे. खूर दुभंगलेला असल्याने चिखलात दाबताना फाकतो आणि उचलताना मिटतो. चिखल त्याला धरून ठेवू शकत नाही. चाकाने फक्त रुतू नये एवढीच अपेक्षा. मोटार आली तेव्हा ही वाटणी संपली. आता तेच चाक भार पेलणार आणि तेच जमीन धरणार. पिकअपचे टायर निवडताना घोटाळा होतो तो इथेच: आपण त्याला चाक समजून विकत घेतो आणि त्याच्याकडून खुराचे काम मागतो.

‘ऑल टेरेन’ या नावाने जे टायर विकले जाते, त्याचा गाजलेला नमुना बीएफ गुडरिच कंपनीने १९७६ साली अमेरिकेत आणला, आणि मेक्सिकोच्या बाहा वाळवंटातल्या शर्यतींनी त्याची कीर्ती केली. वाळू, दगड, कोरडा फुफाटा ही त्याची जन्मभूमी. ठोकळ्यांची नक्षी, कापले न जाणारे जाड गाल, तरी डांबरी सडकेवर चालेल असा बेत. म्हणून घाटावर, मुरमाड रानात, दगडी चढावर ते उत्तम. डोंगरातल्या वाटेवर साध्या टायरचा गाल फाटतो तिथे हे टिकते. खाली पूर्णाकाठी परतीच्या पावसात त्याच्या ठोकळ्यांमधल्या खाचा चार फेऱ्यांत भरतात, आणि मग महागडे टायर आणि घासलेले टायर यांत फरक राहत नाही. खास चिखलाचे टायर खाचा अधिक रुंद ठेवते, चाक फिरताना माती फेकते; पण ते सडकेवर गुरगुरते, लवकर झिजते आणि डिझेल जास्त पिते. आपली बहुतेक पिकअप वर्षातले बहुतेक दिवस डांबरावर, आणि आता समृद्धी महामार्गाच्या काँक्रीटवर धावते. चिखलाचे दिवस मोजून महिना-दीड महिना. तेवढ्यासाठी वर्षभर ते टायर वागवणे परवडत नाही.

तेव्हा माझे मत असे. घाटावरच्याने चारही ऑल टेरेन घालावीत. घाटाखालच्याने पुढे साधी सरळ रेषांची नक्षी ठेवून मागच्या ओढणाऱ्या दोन चाकांना खोल, मोकळ्या खाचांची नक्षी घालावी. ट्रकवाले हे फार पूर्वीपासून करतात. आणि नक्षी पाहण्याआधी टायरच्या गालावरचा भाराचा आकडा वाचावा, कारण सोयाबीनची पोती भरलेली गाडी नक्षीवर उभी राहत नाही. चिखलात हवा थोडी कमी केली तर टायर पसरते आणि तरते, हे खरे. पण सडकेला लागल्याबरोबर ती परत भरली नाही, तर भरल्या गाडीचे टायर तापून फुटते. एवढे करूनही गाडी रुतली, तर पऱ्हाट्या किंवा तुराट्या चाकाखाली घालण्याचा उपाय आहेच. तो कोणत्याही कंपनीच्या टायरला चालतो.

एका गोष्टीला मात्र टायरचा उपाय नाही. पांदणीची चाकोरी आता बंडी पाडत नाही, ट्रॅक्टर पाडतो. ती इतकी खोल असते की पिकअपच्या मागच्या आसाचा गोळा मधल्या उंचवट्यावर टेकतो आणि चाके हवेत फिरतात. ऐन सोयाबीन काढणीच्या दिवसांत पाऊस परतला की सुडी शेतात भिजते आणि पिकअप सडकेवर उभी असते. मग ट्रॅक्टरचे वेगळे भाडे, वर हमाली, आणि भिजलेल्या मालाला बाजारात पडेल तो भाव.

वाटेचा हक्क कायद्यात आहे. १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाने अडवलेली वाट मोकळी करून मिळते. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाच्या कलम १४३ खाली बांधावरून वाट मागता येते. २०२१ साली पाणंद रस्त्यांसाठी मातोश्री ग्रामसमृद्धी योजनाही सुरू झाली. पण तहसीलदाराच्या आदेशाने मिळते ती वाटेची रुंदी. घाटाखालच्या पांदणीवर उन्हाळ्यात नुसता मुरूम पसरला, तर खालची माती पावसाळ्यात फुगून तो गिळते आणि पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा मुरूम पडतो. तिथे आधी माती उकरून खाली दगडाची सोलिंग लागते, दोन्ही बाजूंना पाणी काढणारे चर लागतात, आणि मग वर मुरूम. जलंब-खामगाव फाट्यासाठी १८७० च्या आधी भराव याच मातीवर घातला गेला होता, आणि त्या मार्गावर गाडी आजही चालते.