पार्थपूरचा सूर्यदास

बीजगणित म्हणजे परकी अक्षरे, अशी आम्हां साहित्याच्या अध्यापकांची समजूत असते. बोरीच्याच परभणी जिल्ह्यातील पाथरी, अभ्यासकांच्या मते जुने पार्थपूर, ती खोडून काढते. तेथील सूर्यदासाने १५३८ मध्ये भास्कराचार्यांच्या ‘बीजगणित’ ग्रंथावर टीका लिहिली. त्या परंपरेत अव्यक्त राशींची नावे यावत्तावत्, कालक, नीलक. लिहिताना फक्त आद्याक्षरे. ‘या ३’ गुणिले ‘या २’ म्हणजे ‘याव ६’, यावत्तावत्‌चा वर्ग. ‘या ३’ गुणिले ‘का २’ म्हणजे ‘याकाभा ६’. भिन्न राशींचा गुणाकार तो भावित. भागाकार ही उलटी वाट: ‘याव ६’ भागिले ‘या २’, उत्तर ‘या ३’. याच सूर्यदासाचे ‘रामकृष्णविलोमकाव्य’ सुलट वाचता रामकथा, उलट वाचता कृष्णकथा सांगते. आमच्या वर्गांतही तो भेटायला हवा.